माझ्या अंगावरचा पूल

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे तुम्हाला लांबूनच दिसेल. माझ्या चारही कोपऱ्यांना गंज चढला आहे. डाव्या खांबावर कुणीतरी आपले आणि आणखी कुणाचे तरी नाव खिळ्याने कोरून ठेवले आहे. डोक्यावरचे पत्र्याचे छप्पर एका बाजूला कलले आहे. मी मुख्य चौकातला नकाशाचा फलक आहे. आठ फूट रुंद आणि पाच फूट उंच. शहरात नवखा माणूस आला की त्याने माझ्यासमोर उभे राहावे, 'आपण येथे आहात' असे लिहिलेला लाल ठिपका शोधावा आणि तिथून बोटाने वाट काढत पुढे जावे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

समोरच्या कारंज्याला त्याची गोष्ट विचारलीत, तर ते तासभर स्वतःची वाहवा ऐकवील. मला ते जमत नाही. माझी गोष्ट सांगायची म्हणजे माझी चूक सांगायची, आणि ती सांगताना आजही माझी मान खाली जाते. फलकाला मान नसते हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही समजून घ्या.

तर आधी जन्मापासून सांगतो. माझा पत्रा कापला लोहाराने, त्याच्यावर प्रायमरचे दोन हात दिले त्याच्याच भावाने, पण मला खरे रूप दिले ते पेंटरकाकांनी. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, शहरातली निम्मी अक्षरे त्यांच्याच हातची. नकाशा काढायचे काम मात्र त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते आणि ते त्यांनी फार मनावर घेतले. नगरपालिकेतून मिळालेला कागद त्यांनी एकदा उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाले, "रस्ते आपण पायांनी मोजायचे. पाय खोटं बोलत नाहीत."

दोन आठवडे ते शाळेची वही घेऊन पावले मोजत हिंडले. वाटेत कुणी नमस्कार केला तरी उत्तर देत नसत, कारण बोलले की आकडा चुकायचा. त्यामुळे अर्ध्या शहराचा समज झाला की पेंटर आता शेफारला. त्यातून सकाळी त्यांची पावले ऐसपैस पडत आणि जेवण झाले की आखूड. टपाल कार्यालयाची गल्ली त्यांनी जेवून मोजली, म्हणून माझ्या अंगावर ती खऱ्यापेक्षा जरा लांबच आहे. हे त्यांच्या बायकोने, काकूंनी, ओळखले. "आता उद्यापासून उपाशीपोटी मोजा," असे त्या म्हणाल्या आणि खरोखरच त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा दोन तास उशिरा पाठवला.

मग काका मला रंगवू लागले. खडूची दोरी ताणून त्यांनी माझ्यावर रेघा मारल्या. त्या रेघांवर रस्ते आले. घुमटाचे सभागृह आले, वाचनालय आले, मंडई, कारंजे, बसस्थानक, कालवा आणि कालव्यापलीकडचे मोठे रुग्णालय आले. सार्वजनिक स्वच्छतागृहे दाखवू नयेत, शोभत नाहीत, असा नगरपालिकेच्या कार्यालयातून निरोप आला. तेव्हा काका कुंचला खाली ठेवून स्वतः कार्यालयात गेले. "परगावच्या माणसाला आधी तेच लागतं, साहेब," त्यांनी सांगितले, "सभागृह नंतर." आणि दोन्ही स्वच्छतागृहे त्यांनी चांगल्या ठळक अक्षरांत लिहिली. असा माणूस होता तो. म्हणून पुढचे सांगताना मला जास्त वाईट वाटते.

माझे काम आटोपत आले असताना नगरपालिकेचे इंजिनीअर साहेब लोहाराच्या कारखान्यात आले. त्यांच्या हातात गुंडाळी केलेला निळा कागद होता. कालव्यावर पायी जाणाऱ्यांसाठी एक पूल होणार होता. आपल्या चौकातून निघालेली कालव्याची गल्ली त्या पुलाने थेट रुग्णालयाच्या फाटकाशी जोडली जाणार होती. चालत सात-आठ मिनिटे. नाहीतर मंडईला वळसा घालून मोठ्या पुलावरून जायचे, म्हणजे अर्धा तास.

"हा पूलही काढून टाका," साहेब म्हणाले.

"झालाय का?" काकांनी विचारले.

"चार महिन्यांत होतोय."

"मग चार महिन्यांनी येऊन काढतो. रंग काय, कधीही लावता येतो."

"अहो, तोवर फलक शिळा नाही का व्हायचा? पूल झालाच म्हणून समजा."

काकांनी निळा कागद उलगडून पाहिला. मी त्यांच्यासमोरच होतो. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते, कारण माझ्याही मनात तेच चालले होते. माझ्या अंगावर तोपर्यंत नुसत्या चौकटी आणि रेघा होत्या. पूल म्हणजे काहीतरी सुरेख काढायची संधी. त्यांचे हात शिवशिवत होते आणि मलाही तो पूल हवा होता. दोघांपैकी कुणीच नाही म्हटले नाही.

त्यांनी पूल काढला आणि जीव ओतून काढला. हळदीसारख्या पिवळ्या रंगात तीन कमानी, दोन्ही बाजूंना बारीक कठडा, मधोमध एक इवलासा दिवा. त्यासाठी त्यांनी सर्वांत बारीक कुंचला वापरला आणि श्वास रोखून धरला. मला चौकात उभे केले त्या दिवशी लोकांनी आधी आपापले घर शोधले, पण नंतर प्रत्येकाची नजर त्या पुलावर गेली. "पूल काय झकास काढलाय!" असे जो तो म्हणत होता. मी हुरळून गेलो. नसलेल्या वस्तूबद्दल आपले कौतुक चालले आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

चार महिने गेले, मग चार वर्षे गेली. कालव्याच्या दोन्ही काठांवर एकेक खांब उभा राहिला, त्यांतून लोखंडी सळ्या वर आल्या, आणि काम तिथेच थांबले. ठेकेदार निघून गेला. इंजिनीअर साहेबांची बदली झाली. सळ्यांवर कावळे बसू लागले. शहराने या सगळ्याची मनसोक्त थट्टा केली. कुणी पोकळ आश्वासन दिले की लोक म्हणत, "हा फलकावरचा पूल दिसतोय." शिंप्याने गुरुवारी कपडे देतो म्हटले की गिऱ्हाईक विचारायचे, "खरा गुरुवार की फलकावरचा?" मलाही हसू यायचे. आपल्या नावाने शहरात म्हण रूढ होणे म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे, असे मला वाटायचे. बघा, किती मूर्ख होतो मी!

आता तुम्ही विचाराल, मग नवख्या माणसांचे काय व्हायचे? त्याची तोड या चौकाने काढली होती, आणि ती अशी की दुसऱ्या कुठल्या शहरात कुणी काढली नसती. नकाशा दुरुस्त करायचा नाही, तोंडाने सांगायचे. माझ्या शेजारी पेपरवाल्या मावशी स्टुलावर बसत. हातात पिशवी असलेला कुणी माझ्यासमोर थांबला की मावशी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणत, "पूल नाही बरं का. मंडईवरून जा." मावशी नसल्या तर समोरच्या केशकर्तनालयातून न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर येई. नाहीतर शिडीवर चढलेले पेंटरकाका लांबूनच ओरडत, "ओ पाहुणे! पूल नाही!" ज्याला सांगितले तो हसायचा, आभार मानायचा आणि मंडईच्या दिशेने निघायचा. अकरा वर्षे असे चालले. एखाद्या भोचक माणसाने विचारले, की अहो, मग तो पूल पुसून का टाकत नाही, तर ठरलेले उत्तर असे, "कशाला? सगळ्यांना माहीत आहे."

एकदा काकांनी खरेच मनावर घेतले होते. ते कार्यालयात जाऊन आले आणि मावशींना म्हणाले, "पुलाची फाईल अजून बंद झालेली नाही म्हणे. पूल पुसला तर तो रद्द झाला असा अर्थ होतो. आणि रद्द करायला सही कुणाची, ते कुणालाच माहीत नाही."

"मग राहू दे की," मावशी म्हणाल्या, "दिसायला तरी छान आहे."

काका हसले. आणि मीही मनात म्हणालो, राहू दे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. उन्हाने माझा रंग जागोजागी उडत होता. वाचनालयातला 'लय' गेला, स्वच्छतागृहाचा बाण गेला, एका रस्त्याचे तर नावच राहिले नाही. पण त्या पुलाचा एक टवका निघाला नाही. तुम्ही म्हणाल, रंग चांगला होता. असेलही. मला मात्र ठाऊक आहे की तो रंग मी धरून ठेवला होता. ती माझी एकमेव सुंदर वस्तू होती. मी तिला सोडायला तयार नव्हतो.

त्या दिवशी सकाळचे पावणेदहा झाले होते. परगावच्या बसमधून उतरलेली एक बाई चौकात आली. चाळिशीची असेल. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास. गाडीच्या थांब्यावरचा ड्रायव्हर तिला म्हणाला, "गाडी हवी का, ताई? कुठे जायचं?" तिने त्याला थांब अशी खूण केली आणि ती माझ्यासमोर आली. तिने लाल ठिपक्यावर बोट ठेवले. घामाने ओले झालेले ते बोट कालव्याच्या गल्लीने पुढे सरकले, पिवळ्या पुलावर आले, पूल ओलांडून रुग्णालयावर थांबले. "अगबाई, इथेच तर आहे," ती स्वतःशी म्हणाली. मग मागे वळून तिने ड्रायव्हरला सांगितले, "नको हो, जवळच आहे. चालत जाते."

मित्रांनो, ड्रायव्हरला तिने कुठे जायचे ते सांगितलेच नव्हते; त्याच्याखेरीज त्या क्षणी चौकात दोन माणसे होती ज्यांनी तिला पाहिले. पेंटरकाका समोरच्या औषधांच्या दुकानावर शिडीवर चढून पाटी लिहीत होते. कुंचला रंगाने भरलेला होता आणि ते एका मोठ्या अक्षराच्या वळणात होते. वळणात हात थांबवला तर रेघ फाटते. त्यांनी मान वळवून पाहिले, बाई फलकासमोर आहे, मावशी तिच्यापासून हातभर अंतरावर आहेत, मावशी सांगतीलच. आणि त्यांनी वळण पुरे केले. मावशी जुन्या अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधत होत्या. सुतळीचे एक टोक त्यांच्या दातांत होते. त्यांनी वर पाहिले तर पेंटर शिडीवरून इकडेच बघतोय. त्याचा आवाज आपल्यापेक्षा मोठा, तो ओरडेलच. आणि त्यांनी गाठ मारली.

गाठ मारून होईपर्यंत बाई गल्लीत शिरली होती.

मला ठाऊक होते. चौकात त्या वेळी एकट्या मलाच पक्के ठाऊक होते की तिला कुणीही सांगितलेले नाही. वारा सुटला असता तर माझा पत्रा तरी वाजला असता, त्या आवाजाने कुणीतरी वळून पाहिले असते. पण त्या दिवशी पानही हलत नव्हते.

वीस मिनिटांनी ती परत आली, ती धावत. चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती चप्पल तिच्या हातात होती. कालव्याच्या काठाने आधी खाली, मग वर, असा तिने पूल शोधला होता. पलीकडे रुग्णालयाची पिवळी इमारत तिला दिसत होती, खिडक्याही मोजता येत होत्या, आणि जायला वाट नव्हती. ती मावशींच्या समोर उभी राहिली.

"अहो, पूल... पूल कुठाय?"

मावशींचा चेहरा पडला. त्यांनी शिडीकडे पाहिले आणि काकांनी त्यांच्याकडे. दोघांनाही एकदमच कळले. काका शिडीवरून उतरले नाहीत, जवळजवळ पडलेच. रंगाचा डबा तसाच टाकून त्यांनी गाडी बोलावली, बाईला मागे बसवले आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. "हॉस्पिटल. मंडईवरून घे. पळव!" असे त्यांनी सांगितलेले मी ऐकले. मग गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मावशी मटकन स्टुलावर बसल्या. त्या दिवशी त्या एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलल्या नाहीत.

काका दुपारी परतले, ते पायी. माझ्या खालच्या पायरीवर बसून त्यांनी मावशींना सगळे सांगितले. बाईचा धाकटा भाऊ रुग्णालयात होता. त्याचे मोठे ऑपरेशन होते, दहा वाजता. त्याने सिस्टरला सांगितले होते, की माझी ताई येतेय, तिला भेटलो की मग न्या. सगळी तयारी झाली तरी डॉक्टरांनी दहा मिनिटे थांबून पाहिले. मग मात्र त्यांना थांबता येईना. त्याला आत नेले, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी ताई जिन्यावरून धावत वर आली.

"भेट नाही झाली?" मावशींनी विचारले.

"नाही. दार लागलं होतं." काकांनी रंगाने माखलेले हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "बाहेर येईल ना तो. बाहेर आल्यावर भेटेल. तासाभराचाच प्रश्न आहे."

"येईल, येईल," मावशी म्हणाल्या.

तो बाहेर आला नाही.

ही बातमी घेऊन ती बाई स्वतःच आली, तिसऱ्या दिवशी. तिला परतीची बस पकडायची होती आणि बसला अवकाश होता. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटले ती मला दगड मारील. मारावा, असेच मला वाटत होते. मावशी स्टुलावरून उठल्या. काका औषधांच्या दुकानातून बाहेर आले आणि चार पावलांवर थांबले. पुढे येण्याचा त्यांना धीर होईना.

"हे कुणी काढलंय?" तिने विचारले.

"मी," काका म्हणाले.

तिने पुलाच्या कमानींवरून हळूच बोट फिरवले, कठड्यावरून, त्या इवल्या दिव्यावरून. "फार सुंदर काढलाय," ती म्हणाली. "म्हणून तर विश्वास बसला."

मावशी म्हणाल्या, "ताई, मी इथे हातभर अंतरावर होते हो. मला वाटलं, हा सांगेल."

"आणि मला वाटलं, मावशी सांगतील," काका म्हणाले. "माझं चुकलं. पूल काढला तेव्हाही चुकलं आणि परवाही चुकलं."

बाई माझ्याच पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"सहा वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते," ती म्हणाली. "लग्नाचं त्यानं मला सगळ्यांत शेवटी सांगितलं, एवढंच कारण. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला, आणि मला शेवटी सांगतो म्हणजे काय! गेलेच नाही लग्नाला. दर वर्षी त्याचं पत्र यायचं, मी उत्तर द्यायची नाही. म्हणायचे, येईल की झक मारत. परवा सकाळी निघाले तेव्हा ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, नुसतं जाऊन चहा ओतून द्यायचा. त्याला माझ्याच हातचा आवडायचा. तेवढ्यावरून त्याला कळलं असतं." तिने थर्मास पिशवीत नीट आत सरकवला. "तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका, दादा. तुमची वीसच मिनिटं आहेत. सहा वर्षं माझी आहेत."

एवढे बोलून ती उठली आणि बसस्थानकाकडे गेली. त्या वाटेसाठी तिला मला विचारावे लागले नाही.

मित्रांनो, लोक म्हणतात की रागावलेल्या माणसापेक्षा क्षमा करणाऱ्या माणसाचे बोलणे जास्त लागते. मला लोकांचे ठाऊक नाही, माझे सांगतो. तिने मला दगड मारला असता तर एक पोचा आला असता आणि मी तो मिरवला असता, की बघा, मी शिक्षा भोगली. तिने तसे काही होऊ दिले नाही. आपल्या वाटणीचे आपल्याकडे घेतले आणि माझे माझ्याकडे ठेवून गेली. त्या वीस मिनिटांतले एकही मिनिट मला आजवर कमी करता आलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी काका निळ्या रंगाचा डबा घेऊन आले. कुणाची परवानगी घेतली नाही, कुणाला विचारले नाही. कालवा जसा निळा होता तसाच निळा रंग त्यांनी पुलावर चढवला. आधी कठडे गेले, मग दिवा, मग एकेक कमान. ज्या हाताने वळणात रेघ फाटू दिली नव्हती, त्याच हाताने त्या दिवशी रंग रस्त्यापर्यंत ओघळू दिला. मला खूप दुखले असे मी म्हणणार नाही. उलट हलके वाटले.

आठवड्याभरात कार्यालयातून नवे साहेब आले. सार्वजनिक फलकात परस्पर बदल केला म्हणून ते चांगलेच तापले होते.

"परवानगी कुणाची घेतलीत?" त्यांनी विचारले.

"पूल काढला तेव्हा परवानगी लागली नाही, साहेब," काका म्हणाले, "आणि नसलेला पूल पुसायला लागते?"

"फाईल अजून उघडी आहे!"

"फाईल उघडी राहू द्या. कालव्यावरून चालत जायला फाईलचा उपयोग नाही. तुम्ही एकदा त्या काठावर जाऊन उभे राहा, घाई असताना. मग मला काय शिक्षा करायची ती करा."

साहेब गेले की नाही ते मला कळले नाही, पण परत आले नाहीत.

यानंतर तरी सगळे नीट व्हायला हवे होते. पण रंगाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नसेल. वरचा रंग पातळ लागला आणि त्याच्यावर ऊन बसले की खालचा डोके वर काढतो. वर्षभरात निळ्यातून पुन्हा पिवळी कमान दिसू लागली. काकांनी पुन्हा रंग दिला. पुढच्या वर्षी पुन्हा. एकदा त्यांनी खरवडायचाही प्रयत्न केला, पण तो रंग पत्र्याला असा चिकटला होता की पत्रा निघाला असता आणि रंग राहिला असता. "असं पक्कं काम आयुष्यात दुसरं झालं नाही माझ्या हातून," काका मावशींना म्हणाले होते, आणि दोघांनाही हसू आले नाही. दर वर्षी न चुकता ते यायचे. शिडी चढवेनाशी झाली, नजर अधू झाली, तरी हाताने चाचपडत ते माझ्यावरची ती जागा शोधायचे आणि तिच्यावर निळा हात द्यायचे. दुकानाच्या पाट्या त्यांनी सोडल्या, माझे हे काम सोडले नाही.

आता काका इथे नाहीत. मुलीने त्यांना आपल्या गावी नेले, त्याला तीन वर्षे झाली. मावशींचे स्टूल उठले आणि त्या जागी दुचाकी लागतात. केशकर्तनालयाच्या जागी काचेचे दुकान झाले, तिथली माणसे आतच असतात. वाट विचारायला माणसे आता हातातल्या फोनकडे बघतात. माझ्या पाठीवर जाहिराती चिकटवतात, पोटावर धूळ बसते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याकडे कुणी बघत नाही हे एका परीने बरेच, असे मी मनाची समजूत घालून म्हणतो. पण फोन बंद पडतात. काही माणसांकडे तो नसतो. घाईत निघालेला माणूस जे पहिले दिसेल त्यावर विश्वास ठेवतो. आणि काका गेल्यापासून तीन उन्हाळे झाले आहेत.

कालव्यावर अजूनही दोन खांबच आहेत. माझ्या अंगावर मात्र दोन कमानी पूर्ण वर आल्या आहेत, तिसरी अर्धी. मी या वेळी काहीही धरून ठेवलेले नाही, शप्पथ सांगतो, पण माझे कोण ऐकतो?

तुम्ही शाळा सुटल्यावर रोज माझ्यासमोरून जाता. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या गल्लीतच राहता. पूल नाही हे तुम्हाला पाठ आहे, म्हणून तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. आज जरा बघा. आत्ता, या क्षणी, माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत. हातात डबा आहे, तो अजून गरम असावा, कारण ते सारखा हात बदलत आहेत. त्यांनी चष्मा वर सरकवला आहे, लाल ठिपका त्यांना सापडला आहे, आणि त्यांचे बोट कालव्याच्या गल्लीने पुढे निघाले आहे. बाजूने माणसे जात आहेत. प्रत्येकाने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि एकदा दुसऱ्या कुणाकडे तरी.

कुणीतरी सांगा हो त्यांना, असे माझ्या तोंडावर आले होते. पण नाही. कुणीतरी नको. त्या 'कुणीतरी'ची वाट आम्ही तिघांनी एकदा पाहिली आहे. दप्तर पाठीला आहे ना, ते असू दे. तूच ये आणि तूच सांग.